कुड्याची साल प्लेटवर: आतड्याच्या रोगजंतूंवर वनस्पती-अर्क तपासायचा तर

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली की निम्मा वर्ग एकाच दारात येऊन थांबतो: ‘अमुक वनस्पतीच्या अर्काची रोगकारक जिवाणूंवरील क्रियाशीलता’. खर्च कमी, झाड परसात, आणि एखादा झोन (अर्काभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) तर येतोच, असा हिशेब असतो. हिशेब अगदीच चुकीचा नाही. पण तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक दोन प्रश्न विचारतात आणि प्रोजेक्ट कोसळतो: झाड तेच होतं कशावरून, आणि हा झोन अर्काचाच कशावरून? प्लेट (जंतू वाढवायची अगारची बशी) ओतायच्या आधीच ज्यांची उत्तरं ठरतात, असे हे प्रश्न आहेत.

उदाहरणासाठी कुडा घेते. कोकणात आणि घाटमाथ्यावर तो भरपूर, पावसाच्या तोंडावर त्याच्या फुलांची भाजी होते, आणि आव पडू लागली की सालीचा काढा घ्यायचा हे आजीपासून वैद्यापर्यंत सगळे सांगतात. आयुर्वेदात तोच कुटज. तुमचं झाड वेगळं असलं तरी पायऱ्या याच.

१. आधी प्रश्न ठरवा, मग झाड

‘जुलाबावर चालतं’ याचा अर्थ ‘जिवाणू मारतं’ असा होत नाही. जुलाब जिवाणूंनी होतात तसे अमिबाने, जिआर्डियाने, विषाणूंनीही होतात. कुड्याच्या सालीतलं मुख्य अल्कलॉइड, कोनेसीन, प्रामुख्याने अमिबावरच्या परिणामासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे आजीचा काढा आवेवर उपयोगी पडत असेल आणि तुमच्या प्लेटवर शिगेला ढिम्म हलणार नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमधलं कच्च्या बेलफळावरचं काम या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं. ते २००९ साली प्रसिद्ध झालं. काढ्याने तपासलेल्या सहापैकी एकाही जिवाणूला मारलं नाही. पण जिवाणूंचं पेशींना चिकटणं आणि आत शिरणं कमी झालं, कॉलऱ्याच्या विषावर परिणाम दिसला, जिआर्डिया आणि रोटाव्हायरसवरही दिसला. फक्त झोन मोजून थांबले असते तर बेलफळ ‘निष्क्रिय’ ठरलं असतं.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा. ‘कुड्याच्या सालीचा मेथॅनॉल अर्क आणि पाण्यातला काढा यांनी ई. कोलाय, साल्मोनेला आणि शिगेला यांची वाढ थांबते का, आणि किती मात्रेला?’ एवढंच. ‘जुलाबावर गुणकारी आहे का’ हा प्रश्न एवढ्या कामाने सुटत नाही, तो शीर्षकातही आणू नका.

२. कागद आणि जंतू यांची मागणी पहिल्या आठवड्यात

हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच सगळ्यांचं रेंगाळतं. जमवायचे कागद असे:

- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी
- जंतू मागवण्यासाठी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र
- झाडाच्या ओळखीचं प्रमाणपत्र आणि व्हाउचर क्रमांक (हर्बेरियममध्ये जमा केलेल्या नमुन्याचा)
- साल जंगलातून आणणार असाल तर वनखात्याची परवानगी
- रुग्णांकडून मिळालेले जंतू वापरणार असाल तर नीतिमत्ता समितीची मंजुरी

परदेशातल्या प्रयोगशाळेत शिकणारे काही जण सुट्टीला गावी येतात आणि बॅगेत साल टाकून नेतात. तसं करू नका. संशोधनासाठी देशातली वनस्पती बाहेर न्यायची तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो, आणि त्याची परवानगी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडून घ्यावी लागते.

जंतू अधिकृत संग्रहातूनच घ्या: पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं एनसीआयएम किंवा चंदीगडचं एमटीसीसी. शेजारच्या कॉलेजातून ‘ई. कोलाय’ लिहिलेली स्लांट (जंतू वाढवलेली नळी) मागून आणली, तर तिच्यावर किती हात फिरलेत हे देवच जाणे. पहिला जंतू ई. कोलाय एटीसीसी २५९२२ असू द्या (एटीसीसी हा अमेरिकेतला जंतूसंग्रह, आकडा हा त्यातला क्रमांक). जगभर गुणवत्ता तपासणीला हाच वापरतात, त्यामुळे तुमची पद्धत बरोबर आहे की नाही हे तो लगेच सांगतो. त्याच्या जोडीला साल्मोनेला टायफिम्युरियम एटीसीसी १४०२८ आणि शिगेला फ्लेक्सनेरी एटीसीसी १२०२२ पुरेत. साल्मोनेला टायफी, म्हणजे खऱ्या विषमज्वराचा जंतू, नवख्याने मागवूच नये. त्याच्याशिवाय प्रोजेक्ट अडत नाही.

शिगेलाला हलक्यात घेऊ नका. माणसाला आजारी पाडायला त्याचे १० ते १०० जंतूही पुरतात. बायोसेफ्टी लेव्हल २ ची (रोगजंतू हाताळायच्या सुरक्षिततेच्या दुसऱ्या पातळीची) सोय नसेल तर शिगेला वगळा. सोय असेल तरी मोबाइल बेंचवर ठेवायचा नाही. हातमोजे घालून उचललेला तोच मोबाइल संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर असतो.

जंतू आले की त्याच दिवशी ग्लिसरॉल स्टॉक करून गोठवा आणि दर काही आठवड्यांनी त्यातूनच ताजं कल्चर काढा. सबकल्चरवर सबकल्चर (वाढीतून पुन्हा वाढ) ओढत नेऊ नका.

३. झाड ओळखणं

सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथे मरतात, आणि कुणाला कळतही नाही.

पांढरा कुडा म्हणजे होलॅरेना प्युबेसेन्स. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोघांनाही पांढरी फुलं, दोघांनाही चीक, आणि बाजारात दोघांच्या साली एकमेकींत सर्रास मिसळतात. काष्ठौषधीच्या दुकानात ‘कुडासाल’ मागितली तर पुडीत काय येईल याची खात्री दुकानदारालाही नसते.

झाडापाशी उभे असाल तर शेंगा बघा. दोन्हींत त्या जोडीने येतात. पांढऱ्या कुड्याच्या जोडीतल्या दोन्ही शेंगा मोकळ्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या जोडीची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात, चिमट्यासारखा वेढा होतो, आणि पिकल्यावर टोकं सुटतात. बियांतही फरक आहे: पांढऱ्या कुड्याचे ते कडू इंद्रजव, काळ्याचे गोड. काळ्या कुड्याच्या पानांतून निळा रंग निघतो, वाळताना पानंही काळी-निळी पडतात. प्रयोगशाळेत मात्र चव घेऊन बघायची नाही, हे सांगायला नको.

ही झाली प्राथमिक ओळख. प्रमाणपत्रासाठी फुलं किंवा शेंगा असलेली फांदी दाबून, वाळवून न्यावी लागते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम, किंवा तुमच्या विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग यांपैकी कुठेही जा. नुसती साल घेऊन गेलात तर परत पाठवतील. कुडा उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या सुरुवातीला फुलतो. तो काळ हुकला तर शेंगांपर्यंत थांबा.

साल काढताना खोडाभोवती पूर्ण वेढ्याने सोलू नका, झाड मरतं. छाटलेल्या फांदीची साल काढा, आणि कुठल्या फांदीची, कुठल्या महिन्यात काढली ते लिहून ठेवा. पुढच्या मोसमातली साल वेगळा आकडा देऊ शकते.

४. अर्क

साल धुवून सावलीत वाळवा, भरड दळा. ५० ग्रॅम भुकटीला ५०० मि.लि. मेथॅनॉल, शेकरवर २४ ते ४८ तास. मग मलमलीतून आणि नंतर व्हॉटमन क्र. १ मधून गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांच्या आसपास आटवा. सॉक्सलेट (गरम द्रावकाने अर्क काढायचं उपकरण) असेल तर काम लवकर होतं, पण तासन् तास उष्णता लागते. पहिल्या खेपेला साधं भिजवणंच बरं.

पाण्यातला अर्क वगळू नका. लोक पितात तो काढाच, मेथॅनॉल नव्हे. तो मात्र लवकर नासतो. उकळून, गाळून लगेच गोठवा आणि लायोफिलायझर (गोठवून वाळवणारं यंत्र) मिळाला तर त्यात वाळवा.

आटवल्यावर बाटलीच्या तळाशी काकवीसारखा चिकट गोळा उरेल. तो वाळला असं डोळ्यांनी ठरवू नका. वजन करा, डेसिकेटरमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. वजन स्थिर होईपर्यंत हेच. आत राहिलेलं मेथॅनॉल स्वतःच जंतू मारतं आणि मग तुम्ही द्रावकाचं श्रेय झाडाला देऊन बसता. मिळालेला अर्क भागिले भुकटी, गुणिले १०० हा उतारा टक्क्यांत लिहा. तो नसलेला प्रबंध परीक्षकाच्या लगेच डोळ्यांत येतो.

इथे ड्रॅगनडॉर्फची चाचणी करून घ्या. अल्कलॉइड असेल तर नारिंगी-लाल साका बसतो. पांढऱ्या कुड्याच्या सालीत तो यायलाच हवा. आला नाही तर पायरी ३ वर परत जा.

अर्क डीएमएसओ या द्रावकामध्ये १०० मिलिग्रॅम प्रति मि.लि. या प्रमाणात विरघळवा आणि छोट्या कुप्यांत वाटून −२० अंशांवर ठेवा. गाळायचा तर ०.२२ मायक्रॉनचा नायलॉन फिल्टर घ्या. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा डीएमएसओत टिकत नाही. अर्क ऑटोक्लेव्ह करायचा नाही, हेही दरवर्षी कुणी ना कुणी करतंच.

५. प्लेट: दिसायला सोपी, वाचायला अवघड

म्युलर-हिंटन अगार, पीएच ७.२ ते ७.४, जाडी ४ मिलीमीटर. ९० मिलीमीटरच्या प्लेटला साधारण २५ मि.लि. लागतो. जाड थरात झोन आक्रसतो, पातळ थरात फुगतो, म्हणून मोजूनच ओता. सपाट टेबलावर ओता हेही ओघाने आलंच.

जंतूंचा गढूळपणा ०.५ मॅकफर्लंडला (गढूळपणाच्या प्रमाण द्रवाला) जुळवा. हे प्रमाण घरचं करता येतं: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मि.लि. आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मि.लि. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३ वाचन यायला हवं. दर मि.लि.ला सुमारे १५ कोटी जंतू होतात. जुळवल्यापासून १५ मिनिटांत स्वॅबने तीन दिशांनी लॉन (जंतूंचा सलग थर) पसरा.

६ मिलीमीटरच्या कॉर्क बोअररने विहिरी पाडा, प्रत्येकीत १०० मायक्रोलिटर. विहिरीचा अगार काढताना कडा उचलली गेली तर द्रव प्लेटच्या तळाने पसरतो आणि झोन वेडावाकडा येतो. तशी विहीर सोडून द्या. अर्धा तास थंडीत ठेवून मग ३५ अंशांवर १६ ते १८ तास.

एका प्लेटवर एवढं हवंच: अर्क, तेवढंच डीएमएसओ, आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाची १० मायक्रोग्रॅमची डिस्क. ई. कोलाय २५९२२ वर या डिस्कचा झोन १९ ते २६ मिलीमीटर येतो. तो या मर्यादेबाहेर असेल तर त्या दिवसाच्या अर्काच्या झोनकडे बघायचंही नाही, प्लेट रद्द.

आता सापळे.

विहिरीभोवती तपकिरी कडं दिसतं आणि विद्यार्थी टाळ्या वाजवतात. ते बहुतेकदा टॅनिनचं असतं, माध्यमातली प्रथिनं साकळून झालेलं. प्लेट उजेडासमोर तिरकी धरा. कड्याच्या आत लॉनचा बारीक धुरकट थर पुढे सरकलेला दिसला तर तो झोन नाही, रंग आहे. शंका आली तर कड्याच्या आतून लूपने उचलून ताज्या प्लेटवर रेघ ओढा.

दुसरा सापळा आम्लतेचा. अर्काचा पीएच बघा. फार खाली असेल तर तेवढ्याच पीएचचं बफर कंट्रोल म्हणून लावा.

तिसरा तुलनेचा, आणि मला सर्वांत जास्त खटकणारा. ‘अर्काचा झोन १८, सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा ३२, म्हणजे अर्क औषधाच्या निम्म्याहून अधिक प्रभावी’ असं वाक्य प्रबंधांत राजरोस सापडतं. ५० मिलिग्रॅम प्रति मि.लि.चा अर्क १०० मायक्रोलिटर म्हणजे विहिरीत ५ मिलिग्रॅम. डिस्कवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन ५ मायक्रोग्रॅम. हजारपट फरक आहे! शिवाय मोठे रेणू अगारात हळू सरकतात. लहान झोन म्हणजे कमी ताकद असंही नाही. दोन वेगळ्या अर्कांचे मिलीमीटर एकमेकांशी लावू नका. प्लेटचं काम ‘पुढे जावं की नाही’ एवढंच सांगण्याचं आहे.

झोन आलाच नाही तरी खचू नका. आतड्याचे हे जंतू ग्रॅम-निगेटिव्ह. त्यांचं बाहेरचं आवरण आणि आत शिरलेलं बाहेर फेकणारे पंप यांमुळे बहुतेक अर्क त्यांच्यापुढे नांगी टाकतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस एटीसीसी २५९२३ ची एक प्लेट सोबत लावा. तिच्यावर झोन आणि ई. कोलायवर नाही, ही वाचनीय नोंद आहे. डाळिंबाच्या सालीचा अर्कही एका विहिरीत टाका. टॅनिनने भरलेली ती साल वनस्पतींमधला चांगला तुलनेचा नमुना आहे आणि रसवाल्याकडे फुकट मिळते.

६. एमआयसी: खरा आकडा इथे मिळतो

एमआयसी म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा. झोन आला नसला तरी हे कराच. ९६ विहिरींची प्लेट, कॅटायन-अ‍ॅडजस्टेड (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण जुळवलेला) म्युलर-हिंटन ब्रॉथ, आणि एक निवांत सकाळ.

साठ्यातला १०० मिलिग्रॅमचा अर्क ब्रॉथमध्ये ५० पट पातळ करा. २ मिलिग्रॅम प्रति मि.लि. होतो आणि डीएमएसओ २ टक्के. पहिल्या स्तंभात हा १०० मायक्रोलिटर, स्तंभ २ ते १० मध्ये साधा ब्रॉथ ५० मायक्रोलिटर. पहिल्यातून ५० उचलून दुसऱ्यात, नीट मिसळून दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं दहाव्यापर्यंत, आणि दहाव्यातले ५० फेकून द्या. दर स्तंभाला टिप बदला. मग ०.५ मॅकफर्लंडचं निलंबन ब्रॉथमध्ये दीडशे पट पातळ करून सगळीकडे ५० मायक्रोलिटर. पहिल्या स्तंभात १००० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि., दहाव्यात सुमारे २, डीएमएसओ जास्तीत जास्त १ टक्का, जंतू मि.लि.ला सुमारे ५ लाख. ११ वा स्तंभ जंतूंसह नुसता ब्रॉथ, १२ वा जंतूंशिवाय.

ओळींची मांडणी अशी: ए, बी, सी मध्ये अर्क आणि जंतू. डी मध्ये तोच अर्क, पण जंतूंच्या जागी साधा ब्रॉथ. ई आणि एफ मध्ये नुसतं डीएमएसओ, त्याच पायऱ्यांनी. जी आणि एच मध्ये ८ मायक्रोग्रॅमपासून उतरत जाणारं जेंटामायसिन. २५९२२ साठी त्याची एमआयसी ०.२५ ते १ यायला हवी. कडेच्या विहिरी लवकर सुकतात, म्हणून प्लेट ओल्या टिश्यूसह झाकणाच्या डब्यात ठेवा.

डी ओळ लोक गाळतात, आणि तीच महत्त्वाची आहे. कुड्याचा अर्क तपकिरी असतो, वरच्या मात्रांना तर गाळही बसतो. गढूळपणा डोळ्यांनी ठरवता येत नाही. म्हणून १८ तासांनी रेझाझुरिन टाकतात: निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर जंतू जिवंत. पण पॉलिफेनॉल असलेले अर्क जंतूंशिवायही या रंगद्रव्याला गुलाबी करू शकतात. डी ओळीत पहिल्या दोन विहिरी गुलाबी दिसल्या तर ए, बी, सी मधल्या त्याच विहिरींचा रंग निरर्थक. अशा वेळी त्यातले १० मायक्रोलिटर अगारवर टाकून वाढ बघा.

आकडा कसा वाचायचा? कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आली तर खरोखर दखल घ्यावी अशी. १०० ते ६२५ मध्यम. १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ‘क्रियाशील’ हा शब्द वापरू नका, ‘तपासलेल्या मात्रेपर्यंत वाढ थांबली नाही’ असं सरळ लिहा. तो निकालच आहे, नापास होणं नव्हे.

७. मारतो की थोपवतो

एमआयसी आणि तिच्या वरच्या विहिरींतून अगारवर सबकल्चर करा. मूळ संख्येच्या ९९.९ टक्के जंतू जिथे मेले ती एमबीसी. एमबीसी ही एमआयसीच्या चौपटीपर्यंत असेल तर मारक, त्याहून जास्त असेल तर थोपवणारा. एवढंच.

८. पुनरावृत्ती, नोंदी आणि आवराआवर

एकाच प्लेटवरच्या तीन विहिरी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, ताज्या कल्चरपासून, नव्याने पातळ केलेल्या अर्काने केलेला तो दुसरा प्रयोग. असे तीन हवेत. एमआयसी दुपटीच्या पायऱ्यांनी येते, तेव्हा तिची सरासरी ‘२०८.३३ ± १२’ अशी लिहू नका. तिन्ही वेळचे आकडे दाखवा, किंवा मध्यक द्या. दोन दिवसांत एका विहिरीचा फरक पडला तर तो पद्धतीच्या मर्यादेतलाच आहे.

झोन लिहिताना विहिरीचा ६ मिलीमीटर व्यास धरला की वगळला, हे एकदा स्पष्ट करा. मात्रा विहिरीत पडलेल्या मिलिग्रॅममध्ये लिहा, ‘१०० टक्के अर्क’ असं नव्हे.

वापरलेल्या प्लेटा, स्वॅब, टिपा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय विभागाबाहेर जाता कामा नयेत. १२१ अंश, आणि कचरा असल्याने माध्यमापेक्षा जास्त वेळ. ठासून भरलेल्या पिशवीच्या मध्यभागी वाफ पोचत नाही, म्हणून थोड्या थोड्या प्लेटा लावा. मग पिवळी पिशवी आणि नोंदवहीत सही. उरलेल्या अर्काच्या कुप्यांवर झाड, व्हाउचर क्रमांक, द्रावक, तारीख आणि मात्रा लिहून गाईडकडे द्या. पुढच्या वर्षी कुणी तेच झाड घेतलं तर तुलनेला त्याच कुप्या लागतात, आणि नुसतं ‘के-१’ लिहिलेली कुपी फ्रीझर साफ करताना पहिली फेकली जाते.